ओळखीच्या शब्दांची भूल

चि. मुक्ता हिस,


गीता इंग्रजीतून वाचायला घेतली याची लाज वाटते, असं तू लिहिलंस. ती लाज सोडून दे. गांधीजींनीही गीता पहिल्यांदा वाचली ती लंडनमध्ये, एडविन अर्नोल्डच्या इंग्रजी पद्यानुवादाच्या सोबतीनं, आणि मुळातून किंवा गुजरातीतून आपण ती वाचलेली नाही याची शरम त्यांनाही वाटली होती. पण माझं म्हणणं याहून पुढचं आहे. मराठी माणसानं इंग्रजी भाषांतर वाचावं, आणि त्याचं कारण आपली मराठीच आहे.

दुसरा अध्याय उघड. स्थितप्रज्ञाच्या लक्षणांत ‘राग’ आणि ‘क्रोध’ हे दोन्ही शब्द एकाच ओळीत येतात. मराठी कान म्हणतो, एकच गोष्ट दोनदा कशाला सांगितली? पण संस्कृतात राग म्हणजे आसक्ती, ओढ. आपल्याकडे येईपर्यंत तो संतापाच्या घरी जाऊन बसला. त्याच अध्यायात ‘प्रसाद’ येतो. तो पेढ्याचा किंवा शिऱ्याचा नव्हे, मनाच्या निवळलेपणाचा. (‘प्रसन्न’ या शब्दात आपण तो अर्थ अजून जपलाय, हे आपल्या लक्षातही नसतं.) थोडं आधी बुद्धीला ‘व्यवसायात्मिका’ म्हटलंय, तिथे दुकानदारीचा काही संबंध नाही, व्यवसाय म्हणजे निश्चय. आपण हे शब्द ओळखीचे म्हणून न थांबता पुढे जातो. मराठी भाषांतरकारही पुष्कळदा शब्द जसाच्या तसा उचलतो, म्हणजे गाठ न सुटता पुढच्या पानावर जाते. इंग्रजी भाषांतरकाराला ती सोय नाही. त्याला ‘राग’साठी काहीतरी लिहावंच लागतं, आणि तिथे आपली चूक उघडी पडते.

आता तू म्हणशील, इंग्रजी शब्द तरी कुठे निर्मळ आहेत? नाहीतच. ‘पाप’साठी ‘सिन’ लिहिलं की त्याच्यामागून सगळं चर्च आत येतं. ‘धर्म’ हा तर गीतेचा पहिलाच शब्द. इंग्रजी भाषांतरकारांपैकी व्हॅन ब्युटेनन तिथे ‘लॉ’ लिहितात, बार्बरा स्टोलर मिलर ‘सेक्रेड ड्यूटी’. दोघांनीही एकेक दार उघडलंय आणि बाकीची लावून घेतलीत. सगळ्यांत मजेची गोष्ट ‘आत्मा’ची. सहाव्या अध्यायात, आपणच आपला उद्धार करावा असं सांगणाऱ्या दोन श्लोकांत हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, कधी ‘स्वतः’ इतक्या साध्या अर्थानं, कधी बहुधा त्याहून खोल. देवनागरीत अक्षर लहान-मोठं नसतं, त्यामुळे मूळ श्लोक मोकळा राहतो. इंग्रजीत मात्र ‘सेल्फ’चा एस कॅपिटल करायचा की नाही हे प्रत्येक वेळी ठरवावं लागतं. एका अक्षराच्या आकारात भाषांतरकार वेदान्ताचा निकाल देऊन मोकळा होतो, आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून एक भाषांतर कधीच पुरत नाही. दोन शेजारी ठेवावीत. जिथे त्यांचं पटत नाही, तिथे मूळ शब्द बघावा. लिपी तुला येतेच, हा लंडनच्या वाचकाला नसलेला फायदा आहे. टीपा नसलेली, गुळगुळीत, ‘सोपी’ भाषांतरं मात्र मी टाळतो.

ही साहेबाची विद्या, असा आक्षेपही येईल. तो अगदीच निराधार नाही: १७८५ साली छापलेला विल्किन्सचा गीतेचा इंग्रजी अनुवाद वॉरन हेस्टिंग्जच्या पाठबळावर आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या आश्रयानं निघाला. पण ऑक्सफर्डच्या ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ मालेत १८८२ साली गीता आली, ती मुंबईच्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी केलेली. त्याआधी १८७५च्या आपल्या पद्यानुवादाला जोडलेल्या निबंधात त्यांनी, गीतेनं बायबलमधून उसनवारी केली हे लोरिन्सर या जर्मन पंडिताचं मत खोडून काढलं होतं. ज्यांना उत्तर द्यायचं त्यांना कळेल त्या भाषेत दिलं, एवढंच.

आणि ज्ञानेश्वरी? ती हवीच, पण ती भाषांतर म्हणून वाचू नकोस. ७०० श्लोकांवर सुमारे ९००० ओव्या, म्हणजे तो एका मोठ्या कवीचा स्वतःचा विचार आहे. मूळ श्लोकात काय आहे हे आधी ठाऊक असलं, तर ज्ञानदेवांनी आपलं काय घातलं ते दिसतं.

तर दुसऱ्या अध्यायातला ‘प्रसाद’ शोध, तुझ्याकडच्या दोन भाषांतरांत त्याचं काय झालंय ते बघ आणि मला कळव. श्लोकाचा आकडा मुद्दामच देत नाही.

तुझा,
मामा