खुर्चीवरील माणसाचें छायाचित्र

आपल्या जिल्ह्यांतील कोणत्याही सहकारी संस्थेच्या, पतपेढीच्या अथवा शाळेच्या सभागृहांत जा. भिंतीवर आजी-माजी अध्यक्षांचीं, चिटणिसांचीं व मुख्याध्यापकांचीं छायाचित्रें ओळीनें टांगलेलीं दिसतील. निळा अगर करडा पडदा, ताठ मान, मिटलेले ओठ आणि खालीं नांवाची पट्टी. पट्ट्या काढून घेतल्या तर अध्यक्ष कोण व चिटणीस कोण हें त्या संस्थेच्या शिपायासही सांगतां येणार नाहीं. विद्यार्थिमित्रहो, एवढे कर्तबगार गृहस्थ चौकटींत शिरतांच एकसारखे कां होतात, हा प्रश्न मला पुष्कळ दिवसांपासून पडलेला आहे.

प्रवरानगरचें उदाहरण घ्या. तेथील सहकारी साखर कारखाना १९५० सालीं सुरू झाला. त्याच्या उभारणींत ज्यांचीं नांवें प्रथम घेतलीं जातात त्यांत लोणीचे शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील आहेत, आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ आहेत. हे कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. एकाचें आयुष्य मातींत व गांवच्या माणसांत गेलें, दुसऱ्याचें ग्रंथांत व आंकड्यांत. अशा दोघांस एकाच पडद्यापुढें, एकाच खुर्चीवर बसवून चित्र घेतलें, तर शेतकऱ्याची हिकमत आणि पंडिताचा हिशेब एकत्र आले ही जी या कारखान्याची कथा, ती चित्रांतून नाहींशी होईल.

माझे वडील राहुरी तालुक्यांतील एका खेड्यांत प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीच्या वेळीं शहरांतील एका स्टुडिओंत त्यांचें छायाचित्र काढलें. स्टुडिओवाल्यानें त्यांस आपल्याकडील कोट चढविला, पाठीमागें तळें व हंस रंगविलेला पडदा सोडला, आणि खडूनें खरखरीत झालेलीं बोटें टेबलाआड ठेवावयास सांगितलें. पुढें वडील वारले तेव्हां घरांत दुसरें नीटसें छायाचित्र नव्हतें. त्यालाच हार घातला. त्यांचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. तो बराच वेळ त्या चौकटीपुढें उभा राहिला आणि म्हणाला, "हे गुरुजी आहेत?" आई कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं तिनें ती चौकट उतरवून कपाटांत ठेवली. दोष एकट्या छायाचित्रकाराचा होता असें मी म्हणत नाहीं. तो कोट वडिलांनाही आवडला होता.

हा पडदा आपल्याकडे फार जुना आहे. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांत होते. पुढें विल्यम जॉन्सन यानें मुंबईंतील नाना जातिजमातींच्या लोकांच्या छायाचित्रांचा ग्रंथ दोन भागांत, १८६३ व १८६६ सालीं, प्रसिद्ध केला. त्यांतील पुष्कळ चित्रांत माणसें एका जागीं टिपलेलीं असून पाठीमागचा देखावा दुसऱ्या काचेवरून आणून जोडलेला आहे. माणसास त्याच्या जागेवरून उचलून भलतीकडे उभें करण्याची युक्ति अशी या कलेच्या बाळपणींच निघाली!

याच्या उलट मार्ग धरणारे परदेशांत कांहीं झाले. जर्मनीच्या ऑगस्ट झांडरनें १९२८ सालीं एका मिठाईवाल्याचें चित्र घेतलें. तो आपल्या भटारखान्यांतच, हातांत मोठें भांडें घेऊन उभा आहे. पण उभें राहण्याचा तोरा एखाद्या संस्थानिकाचा! अमेरिकेच्या अर्नोल्ड न्यूमननें १९४६ सालीं संगीतकार स्ट्राविन्स्कीचें छायाचित्र घेतलें. त्यांत चौकटीचा बहुतेक भाग पियानोच्या उघड्या झांकणानें व्यापिला आहे आणि खुद्द संगीतकार एका कोपऱ्यांत डोकें हातावर टेकून बसला आहे. ज्या मासिकासाठीं तें काढलें त्यानें तें नाकारलें; आज तें जगभर प्रसिद्ध आहे. कॅनडाच्या यूसुफ कार्शनें तर १९४१ च्या डिसेंबरांत ओटावा येथें चर्चिलच्या तोंडांतील चिरूट काढून घेतला आणि त्याच क्षणीं त्याच्या कपाळावर चढलेली आंठी टिपली. तें धाडस त्यास पचलें; आपण गुरुजनांवर त्याचा प्रयोग करूं नये.

हातांत पुस्तक दिलें कीं माणूस विद्वान दिसूं लागतो, असें मात्र समजूं नका. ती कल्पकता नव्हे, सोंग होय. मुंबईचे गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) हे मूळचे रसायनशास्त्राचे पदवीधर. जाहिरातीच्या व्यवसायांतून ते छायाचित्रणांत आले, आणि 'फेसेस' हा त्यांचा चित्रसंग्रह १९९७ सालीं निघाला. नटनटी व गायक यांच्या कित्येक चित्रांत त्यांनीं चेहऱ्याखेरीज जवळजवळ कांहींच ठेवलें नाहीं. सारी करामत मृदु प्रकाशाची आणि नेमक्या क्षणाची.

आतां कृतीकडे वळूं. घरांतील फोनच्या कॅमेऱ्यावर भागतें. माणसास खिडकीपासून दोन-तीन हातांवर बसवा आणि उजेड एका गालावर पडूं द्या. अगदीं समोरून आलेला उजेड चेहरा सपाट करतो. फोन तोंडाजवळ नेला तर नाक मोठें व कान लहान दिसतात, म्हणून तीन-चार पावलें मागें या आणि तो त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. आपल्याकडे एक विशेष अडचण येते. पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि मागें चुन्याची भिंत असली कीं यंत्र त्या पांढऱ्यावरून उजेडाचा हिशेब करतें आणि चेहरा काळवंडतो. अशा वेळीं फोनच्या पडद्यावर जेथें चेहरा दिसतो तेथें बोट टेकवावें, म्हणजे हिशेब चेहऱ्यावरून होतो. चेहरा गोरा व गुळगुळीत करण्याची जी सोय फोनमध्यें असते ती पालकांनीही बंदच ठेवावी. उन्हांत राबलेल्या माणसाचा सांवळा वर्ण आणि त्याच्या सुरकुत्या पुसून टाकणें हा, माझ्या मतें, त्याचा अपमान आहे.

गेल्या वर्षीं इयत्ता नववीच्या मुलांस मीं कार्यालयांतील हिशेबनिसांचें छायाचित्र काढावयास सांगितलें. सारी शाळा त्यांस भाऊसाहेब म्हणते. "उद्यां कोट घालून येतों, मग काढा," असें ते म्हणाले. वर्गांतील एका मुलीनें मात्र दोन दिवस मधल्या सुट्टींत त्यांच्याजवळ नुसतें बसून घेतलें. तिच्या ध्यानांत आलें कीं बेरीज चुकली म्हणजे भाऊसाहेब चष्मा कपाळावर सरकवितात, ओल्या स्पंजावर अंगठा टेकवून पावत्या पुन्हां पहिल्यापासून मोजतात, आणि बेरीज जुळली कीं सावकाश पेनास टोपण लावतात. साडेचारच्या सुमारास पश्चिमेच्या खिडकींतून ऊन उघड्या खातेवहीवर येतें, आणि त्या पांढऱ्या पानांवरून परतून त्यांच्या हनुवटीखालची सावली उजळतें. तिसऱ्या दिवशीं त्यांस विचारून तिनें तेवढा क्षण टिपला. कोटांतील चित्रही काढलें, कारण तसें त्यांनीं सांगितलें होतें.

दोन्ही प्रती त्यांच्या टेबलावर ठेवल्या. कार्यालयाच्या भिंतीसाठीं त्यांनीं कोटांतील निवडली. दुसरी वर्तमानपत्रांत गुंडाळून घरीं नेली. आठ दिवसांनीं ते वर्गाच्या दाराशीं आले आणि त्या मुलीस हळूच म्हणाले, "बाई, त्या वहीवाल्या फोटोची अजून एक प्रत मिळेल का? मुलगा पुण्यास असतो."

यंदां घंटा देणाऱ्या मामांचें छायाचित्र घ्यावयाचें आहे. ते सकाळीं साडेसहास फाटक उघडतात. जे त्या वेळीं येऊं शकतील त्यांनीं आपलीं नांवें माझ्याकडे द्यावीं.