मनाची जखम

मुलांनो, खेळताना पडलात की गुडघा खरचटतो. औषध लावले की जखम भरते. पण मनाला जखम झाली तर?

जर्मनी देशात आर नावाची नदी आहे. १४ जुलै २०२१ च्या रात्री तिला महापूर आला. घरे वाहून गेली. शंभराहून अधिक माणसे दगावली. पुढे पूर ओसरला. पण अशा संकटातून वाचलेल्या काहींची भीती ओसरत नाही. साधा पाऊस आला, तरी त्यांच्या छातीत धडधडते. रात्री झोप लागत नाही.

या भीतीवर एक उपचार आहे. अमेरिकेतील फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ साली त्याची सुरुवात केली. तज्ज्ञ आपले बोट डावीउजवीकडे हलवतात. समोरचा माणूस ती आठवण मनात आणतो आणि नजर बोटामागे फिरवतो. असे पुन्हा पुन्हा केल्यावर आठवण राहते, पण तिची धार बोथट होते. मन शांत झाले, की शरीरही शांत होते. जर्मनीत २०१५ पासून मोठ्या माणसांच्या या उपचाराचा खर्च सार्वजनिक आरोग्य विम्यातून मिळतो.

हा उपचार तज्ज्ञांनीच करायचा असतो. तुम्ही मात्र एक करा. भीती मनात दडवू नका. आईवडिलांना किंवा बाईंना सांगा. सांगणे हेच पहिले औषध!