डोंग्यात बसण्याआधी, आणि डोंगा उलटल्यावर

वैनगंगेच्या काठच्या वस्त्यांत डोंगा ही हौसेची गोष्ट नाही. मजुरी पलीकडच्या शेतात असते. पुलावरून जायचे तर मोठा फेरा पडतो, गाडीभाडे द्यावे लागते आणि मजुरीतले फारसे काही हातात उरत नाही. म्हणून सकाळीच घाट गाठून डोंग्यात बसावे लागते.

२३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात गणपूर गावच्या मजूर महिला अशाच मिरची तोडायला निघाल्या होत्या. वैनगंगेत नाव उलटली आणि सहा जणी बुडाल्या. त्याआधी १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून अकरा जणांचा जीव गेला होता.

अशा मरणाला नशीब म्हणून गप्प बसू नये. डोंगा उलटण्याला कारणे असतात आणि ती आपल्याला समजू शकतात. या वेळी तीच समजून घेऊ या.

डोंगा का उलटतो?

डोंगा अरुंद असतो आणि त्याचे बूड बहुधा गोलसर असते. माणसे खाली, मधोमध बसली की तो स्थिर राहतो. कुणी उभे राहिले की भार वर जातो आणि डोंगा डोलू लागतो. एका बाजूला दोघी वाकल्या तरी काठ पाण्याला टेकतो. एकदा पाणी आत आले की डोंगा जड होतो, आणखी खाली जातो आणि पाणी आणखी आत शिरते. हे सारे काही क्षणांत घडते.

म्हणून बसण्याआधी चार गोष्टी पाहा.

१. सगळे बसल्यावर डोंग्याचा काठ पाण्यापासून किमान एक वीत वर राहिला पाहिजे. त्यापेक्षा कमी राहत असेल तर कुणीतरी उतरावे आणि दुसऱ्या खेपेने यावे.

२. बूड फुटलेले किंवा गळके नाही ना, हे पाहावे. पाणी उपसायला डबा आत असावा.

३. पोती, सायकल, डबे मधोमध तळाशी ठेवावेत. माणसांनी तळाशी बसावे, काठावर बसू नये. नदीच्या मध्ये जागा बदलू नये.

४. नावाडी दारू प्यालेला असेल, वारा सुटला असेल किंवा पाणी गढूळ होऊन चढत असेल तर जाऊ नये. भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की आपल्याकडे पाऊस नसतानाही खालच्या गावांत नदी चढते.

अंगावर काय असावे?

लाईफ जॅकेट सर्वांत चांगले. ते नुसते खांद्यावर टाकून उपयोग नाही, सगळे पट्टे आवळले पाहिजेत. खांद्याला धरून वर ओढल्यावर ते हनुवटीवर सरकत असेल तर सैल आहे असे समजा. लहान मुलाला मुलाच्या मापाचेच हवे.

जॅकेट मिळेपर्यंत प्रत्येकीने पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला प्लास्टिकचा कॅन जवळ ठेवावा. पाण्यात पडल्यावर तो छातीशी कवटाळला तर तरंगायला आधार मिळतो. हे जॅकेटचे काम करत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरे.

लुगड्याचा काष्टा खोचून घ्यावा, पदर कमरेला बांधावा. गमबूट काढून ठेवावेत. पाठीवरची पिशवी उतरवावी. मुलाला डोंग्याला कधीच बांधू नये. ज्यांना फीट येते त्यांनी जॅकेटशिवाय डोंग्यात बसू नये आणि आजार लपवू नये, सोबतच्या बायांना सांगून ठेवावे.

उलटलाच तर?

लाकडी डोंगा उलटला तरी सहसा तरंगतो. त्याला धरून राहा. काठ जवळ दिसतो म्हणून पोहत सुटू नका, ओले कपडे आणि धार दोन्ही दमवतात. धारेत वाहू लागलात तर उताणे व्हा, पाय धारेच्या दिशेने पुढे ठेवा, तोंड वर ठेवा.

काठावरच्यांनी पोहता येत नसताना उडी घेऊ नये. बुडणारा मिठी मारतो आणि दोघेही जातात. बांबू पुढे करा, दोर, साडी किंवा कॅन फेका. दुसरा डोंगा न्यायचा असेल तर पोहणाऱ्या माणसाने न्यावा.

बाहेर काढल्यावर

मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार-सहा मिनिटांत इजा सुरू होते. दवाखाना तेवढ्यात येत नाही, म्हणून पहिला उपचार घाटावरच व्हावा लागतो. एकाने १०८ ला फोन लावावा, दुसऱ्याने लगेच कामाला लागावे.

माणसाला कडक जमिनीवर उताणे निजवा, हाक मारा, खांदे हलवा. प्रतिसाद नाही आणि श्वासही नाही, तर डोके मागे झुकवून हनुवटी उचला. नाक दाबून तोंडाला तोंड लावा आणि दोन वेळा हवा भरा. छाती वर येताना दिसली पाहिजे. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून ३० वेळा दाबा. मोठ्या माणसाची छाती सुमारे दोन इंच खाली जावी आणि वेग मिनिटाला १०० ते १२० असावा. पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३० दाब. श्वास सुरू होईपर्यंत किंवा मदत येईपर्यंत थांबू नका. दमलात तर दुसऱ्याने घ्यावे.

उलटी झाली तर कुशीवर वळवा, तोंड साफ करा, पुन्हा सुरू करा. श्वास चालू आहे पण शुद्ध नाही, तर कुशीवर ठेवा.

पाय धरून उलटे टांगणे, पोट दाबणे, गरगर फिरवणे, मिठात पुरणे, यांतले काहीही करू नका. त्याने माणूस वाचत नाही, वेळ मात्र जातो. आणि शुद्धीवर आलेल्या माणसालाही दवाखान्यात न्याच. फुफ्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही वाढतो. ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळा.

डोंगा भरतो कोण?

मजूर बाईला "बसू नको" म्हणणे सोपे आहे. पण एका खेपेत सगळ्यांना नेण्याची घाई ठेकेदाराची असते आणि न बसणाऱ्या बाईचा रोज बुडतो. म्हणून जो मजूर नेतो त्यानेच दुसऱ्या खेपेचे पैसे द्यावेत आणि जॅकेटही द्यावीत, ही मागणी सगळ्या बायांनी मिळून ठेवावी. एकटीने बोलले तर तिला उद्या बोलावणार नाहीत. दहा जणी बोलल्या तर ऐकावे लागेल.

ग्रामसभेत तीन ठराव घ्या. घाटावर जॅकेट, दोर व ट्यूब ठेवावी. प्रत्येक डोंग्यावर भाराची रेघ रंगवावी. धरणाचे पाणी सोडण्याआधी दवंडी द्यावी. वल्ह्याने चालणाऱ्या नावांची नोंद ठेवण्याची तरतूद २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात आहे, तिचीही आठवण करून द्या. नावाड्यालाही सोबत घ्या, त्याचेही पोट आणि जीव त्याच डोंग्यात आहे.

छाती दाबण्याची रीत वाचून पुरती येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंना वस्तीत बोलवा, उशीवर सराव करा आणि दहावीच्या पुढच्या मुलामुलींना आधी शिकवा. मिरचीची तोडणी सुरू होण्याआधी हे एक काम उरकून घ्या.