जलमय जगाची रचना

गणिताच्या वहीचें शेवटचें पान हें विद्यार्थ्याचें खासगी राज्य असतें. पुढील पानांवर शिक्षकांची सत्ता चालते. मागील पानावर ती चालत नाहीं. वह्या तपासतांना अशाच एका पानावर आम्हांस एक नकाशा आढळला. चोहोंकडे निळें पाणी, मध्यें दहाबारा बेटें, बेटांवर निरनिराळीं निशाणें, आणि एका बेटाहून दुसऱ्यावर तुटून पडणारीं विमानें. कोपऱ्यांत लिहिलें होतें: "जग बुडालें आहे. आतां वैमानिकच राज्य करतात." वहीच्या मालकावर आम्ही रागावलों नाहीं. त्यास इतकेंच विचारलें कीं, "या विमानांना तेल कोठून मिळतें?" त्यास उत्तर सुचलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही तें तत्काळ देतां आलें नसतें. त्या एका प्रश्नाचा आम्हीं जो मागोवा घेतला, तोच या लेखाचा विषय होय.

कल्पित जग रचणें हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असें कांहीं पालकांस वाटतें. आमचें मत निराळें आहे. भूगोल, इतिहास, विज्ञान आणि अर्थशास्त्र हे विषय वेळापत्रकांत निरनिराळ्या तासांस येतात; परंतु जग रचूं पाहणाऱ्यास ते चारी एकदमच लागतात. मात्र त्यास एक अट आहे. रचणाऱ्यानें एकच गोष्ट मनाची धरावी, आणि बाकीच्या सर्व तिच्यामागून तर्कानें येऊं द्याव्या. भूमितींत 'समजा' हा शब्द एकदां उच्चारला म्हणजे पुढें प्रत्येक पायरीस कारण द्यावें लागतें, तसेंच येथें. आमचें 'समजा' असें: समजा, समुद्र वर चढला.

१. पाणी किती चढलें?

पृथ्वीच्या जमिनीवरील सारें बर्फ वितळलें, तर समुद्राची पातळी सुमारें ६५ ते ७० मीटर वाढेल, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. तेवढ्यानें मुंबई, कोलकाता, शांघाय यांसारखीं किनाऱ्यावरचीं शहरें जातील. परंतु पुणें राहील, बंगळूर राहील, आणि हिमालयास तर तें कळणारही नाहीं. म्हणजे सर्व जग बुडविण्याइतकें पाणी बर्फाच्या कोठारांत नाहीं. तें गोष्टकारासच आणावें लागेल. तो त्याचा अधिकार आहे, कारण तेंच त्याचें एकमेव 'समजा' आहे. परंतु एकदां आकडा ठरविला म्हणजे तो शेवटपर्यंत पाळिला पाहिजे.

आपण ८०० मीटर हा आकडा धरूं आणि उंची दाखविणारा महाराष्ट्राचा नकाशा पुढें घेऊं. पुणें सुमारें ५६० मीटर उंचीवर आहे. त्याच्यावर २४० मीटर पाणी येतें. कोकण, सोलापूर, नागपूर हीं कोठेंच दिसत नाहींत. रायगडाचा माथा जेमतेम पाण्याबाहेर राहतो. सह्याद्रीचा कणा तुटून त्याची बेटें होतात. १,६४६ मीटर उंचीचें कळसूबाई हें उत्तरेकडील बेटाचें शिखर. महाबळेश्वराचें पठार हें मधलें बेट. कोल्हापुराच्या पश्चिमेकडील डोंगरमाथे हीं दक्षिणेकडील बेटें. कळसूबाई ते महाबळेश्वर हें अंतर सरळ रेषेंत सुमारें १९० किलोमीटर भरतें. तीन राष्ट्रें झालीं. त्यांस नांवें वाचकांनीं द्यावीं.

२. विमान पाण्यावर कां उतरतें?

या बेटांस पुळणीचा किनारा नाहीं, कडे आहेत. विमानासाठीं धावपट्टी करावी, तर बेटावरची सपाट जमीन तिच्यांतच संपेल आणि शेतीस कांहींच उरणार नाहीं. म्हणून या जगांतील विमान पाण्यावरूनच उडलें पाहिजे.

हें नुसतें स्वप्नरंजन नव्हे. फ्रान्समध्यें आंरी फाब्र यानें २८ मार्च १९१० रोजीं पाण्यावरून आपलें विमान इंजिनाच्या बळावर उडविलें; असें उड्डाण जगांत तें पहिलेंच. पुढें ज्याचें पोटच नौकेसारखें आहे अशीं विमानें निघालीं. त्यांस आपण उडत्या नौका म्हणूं. त्यांच्या पोटाखालीं, लांबीच्या मध्याच्या आसपास, एक पायरी केलेली असते. वेग वाढला म्हणजे पायरीमागें हवा शिरते, पाण्याची ओढ सुटते, आणि नौका पृष्ठभागावरून घसरत घसरत वर उठते. वाचकांस नवल वाटेल, परंतु अगदीं आरशासारखें संथ पाणी वैमानिकास नकोसें असतें. उतरतांना पाणी किती खालीं आहे हें डोळ्यांस कळत नाहीं. उडतांना तळ पाण्यास चिकटून राहतो. बारीक लहरी हव्यात, मोठ्या लाटा मात्र नकोत. म्हणून आडोशाची खाडी हीच त्या जगांतली मोठी दौलत. शिवाय खाऱ्या पाण्यानें धातू गंजतो, म्हणून विमान वरचेवर गोड्या पाण्यानें धुवावें लागतें. बेटावर पिण्याच्या पाण्याची वानवा असतांना विमान धुण्यास पाणी कोणाच्या वांट्याचें द्यावें? येथें गोष्टीस खरा आरंभ होतो.

पाण्यावरचें विमान मंद असतें, असा समज आहे. पूर्वीं तसें नव्हतें. १९१३ पासून १९३१ पर्यंत जलविमानांच्या शर्यती श्नायडर चषकासाठीं होत असत. १९३४ सालीं इटलीच्या फ्रान्चेस्को अजेल्लो यानें जलविमान ताशीं ७०९ किलोमीटर वेगानें नेलें. त्या वेळीं जमिनीवरून उडणाऱ्या कोणत्याही विमानास तो वेग साधला नव्हता. कारण सोपें आहे. वेगासाठीं पंख लहान हवे. पंख लहान असले म्हणजे उडण्यापूर्वीं लांब धांव घ्यावी लागते. आणि समुद्राइतकी लांब धावपट्टी त्या काळीं कोठें होती? आकाराचें म्हणाल, तर १९२९ सालीं जर्मनीच्या डोर्नियर डो-एक्स या बारा इंजिनांच्या उडत्या नौकेनें एका उड्डाणांत १६९ माणसें नेलीं. त्याच शतकाच्या चौथ्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या उडत्या नौका कराचीनंतर राजसमंद तलावांत आणि ग्वाल्हेरच्या जलाशयांत उतरत व पुढें कलकत्त्यास जात. त्यांचा वेग ताशीं सुमारें २६५ किलोमीटर असे. त्या वेगानें आपल्या कळसूबाईहून महाबळेश्वर पाऊण तासाच्या आंत येईल.

मग त्या गेल्या कोठें? दुसऱ्या महायुद्धांत जगभर लांब पक्क्या धावपट्ट्या बांधल्या गेल्या, आणि पाण्यावर उतरण्याची गरज सरली. आपल्या जगांत त्या साऱ्या धावपट्ट्या पाण्याखालीं आहेत. इतिहासाची जी वाट येथें बंद झाली, ती तेथें उघडी राहिली.

३. अंतर आणि ओझें

१९४२ सालीं जपाननें सिंगापूर घेतलें आणि ऑस्ट्रेलियाचा पश्चिमेकडील हवाई मार्ग तुटला. १९४३ पासून १९४५ पर्यंत कॅटालिना जातीच्या उडत्या नौका पर्थहून निघून कोठेंही न थांबतां सिलोनांतील कोग्गला येथें उतरत. अंतर सुमारें साडेपांच हजार किलोमीटर. वेळ २७ ते ३३ तास. उतारूंस एकाच प्रवासांत दोन सूर्योदय दिसत. शत्रूस सुगावा लागूं नये म्हणून रेडिओ बंद ठेवून, ताऱ्यांच्या आधारें वाट काढीत. एवढ्या मोठ्या नौकेंत उतारू किती घेत? अवघे तीन. बाकीचें ओझें इंधनाचें.

हा नियम आपल्या जगाचा कायदाच समजावा: जितकें दूर जावें, तितकें थोडें नेतां येतें. म्हणून दोन राष्ट्रांच्या मध्यें असलेला एखादा ओसाड खडकही सोन्याच्या मोलाचा ठरतो, कारण तेथें उतरून इंधन भरतां आलें तर तीन उतारूंच्या जागीं तीस नेतां येतील.

४. शत्रुत्वाचें मूळ

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. तेल कोठून आणावें? सह्याद्री हा काळ्या पाषाणाचा आहे. त्यांत खनिज तेल नाहीं, कोळसा नाहीं. परंतु उसापासून, मक्यापासून मद्यार्क निघतो, आणि त्यावर इंजिन चालतें. ब्राझीलमध्यें मद्यार्कावर उडणाऱ्या 'इपानेमा' नांवाच्या शेतकामाच्या विमानास २००४ सालीं मान्यता मिळाली. मात्र एका लिटर पेट्रोलांत जेवढी शक्ती असते, तिच्या दोनतृतीयांशच एका लिटर मद्यार्कांत असते. म्हणजे तेवढ्याच टांकींत विमान कमी दूर जाईल. आणि मुख्य गोष्ट ही कीं, मद्यार्क शेतांतून येतो. ज्या उतारावर नाचणी पिकत होती, तेथें इंधनाचें पीक घ्यावें लागेल. विमान उडवावें, कीं मुलांस भाकरी द्यावी? ज्या वैमानिकांस आमच्या विद्यार्थ्यानें राज्यावर बसविलें, त्यांस हा प्रश्न रोज सकाळीं पडेल.

धातूचेंही तसेंच. विमानास ॲल्युमिनियम हवें. तें ज्या बॉक्साइटपासून निघतें, तें कोल्हापूर जिल्ह्यांतील राधानगरी, शाहूवाडी या भागांच्या पठारांवर खरोखरच आहे. परंतु एक टन ॲल्युमिनियम करण्यास १३ ते १५ हजार युनिट वीज लागते. वीज पडत्या पाण्यापासून निघेल, आणि पाऊस महाबळेश्वरीं उदंड. म्हणजे एकापाशीं माती आहे, दुसऱ्यापाशीं वीज आहे, आणि तिसऱ्यापाशीं कदाचित् चांगली खाडी आहे. एकट्यानें कोणासही उडतां येत नाहीं. या तिघांनीं करार करावा, कीं एकमेकांवर तुटून पडावें? दोन्ही शक्य आहेत, म्हणूनच गोष्ट होते. परंतु शेजारी जन्मतःच दुष्ट आहे म्हणून युद्ध झालें, असें लिहिणें म्हणजे उत्तर न शोधतां गणित सोडून देणें होय. राष्ट्रें बहुधा आपल्या उणिवेपायीं भांडतात. म्हणून निशाणाचा रंग ठरविण्यापूर्वीं, त्या बेटावर काय नाहीं हें ठरवावें.

५. बेटावरचीं माणसें

पॅसिफिक महासागरांत वेक नांवाचें एक बेट आहे. क्षेत्रफळ सुमारें ७ चौरस किलोमीटर, गोड्या पाण्याचा झरा एकही नाहीं. अमेरिकेहून मनिलाकडे जाणाऱ्या उडत्या नौकांस वाटेंत विसावा हवा होता, म्हणून १९३५ सालीं पॅन अमेरिकन या विमानकंपनीनें तेथें तळ केला. खाजणांत नौका उतरूं लागल्या, हॉटेल उभें राहिलें. ज्या कारणानें तें बेट प्रवाशांस मोलाचें झालें, त्याच कारणानें सैन्यांसही झालें. तेथील तारखेप्रमाणें ८ डिसेंबर १९४१ रोजीं जपानी विमानांनीं त्यावर बाँब टाकिले आणि २३ डिसेंबर रोजीं तें जिंकिलें.

पहिल्या हल्ल्याच्या वेळीं कंपनीची एक नौका तेथेंच होती. ती त्याच दिवशीं उतारूंस व कंपनीच्या गोऱ्या नोकरांस घेऊन निघून गेली. त्याच कंपनीचे गुआम बेटाचे रहिवासी असलेले नोकर मागें ठेविले गेले. दोनच दिवसांनीं त्यांचें गुआमही शत्रूच्या हातीं पडलें.

जग रचणाऱ्यानें ही गोष्ट विसरूं नये. नकाशावर बेट म्हणजे एक ठिपका. परंतु ठिपक्यावर माणसें असतात, आणि नौकेंत जागा तीनच असते. शिवाय तीं माणसें अडाणी असतात असेंही नव्हे. वेकच्या दक्षिणेकडील मार्शल बेटांचे दर्यावर्दी काड्या व शिंपले बांधून नकाशे करीत. बेटावर आपटून सागराच्या लाटा कशा वळतात, हें त्या काड्या दाखवीत. तें मनांत ठसवून ते दृष्टीबाहेरचें बेट शोधीत. आपल्या जलमय जगांतील वैमानिकासही लाट ओळखणाऱ्या अशा म्हाताऱ्या नावाड्यापाशीं शिकावयास बसावें लागेल.

आणखी एक. १९०१ ते २०१८ या काळांत समुद्राची पातळी खरोखरच सुमारें २० सेंटिमीटर वाढली आहे. आपल्या ८०० मीटरांपुढें हा आकडा कांहींच नाहीं. परंतु मार्शल बेटें, तुवालू, मालदीव येथील जमीन समुद्रापेक्षां फार थोडी उंच आहे. आपण जें 'समजा' म्हणून खेळतों, तें तेथील मुलांच्या भूगोलांत 'समजा' राहिलेलें नाहीं.

६. घरीं करावयाचा अभ्यास

(अ) पाण्याची एक पातळी ठरवून नकाशांतील उरलेली जमीन रंगवा.
(आ) प्रत्येक बेटावर गोडें पाणी, अन्न, धातू व इंधन यांपैकीं काय आहे आणि काय नाहीं, याचा तक्ता करा.
(इ) तुमचें विमान एका दमांत किती दूर जातें? तेवढी त्रिज्या घेऊन प्रत्येक बेटाभोंवतीं वर्तुळ काढा. वर्तुळें जेथें एकमेकांस छेदतात, तेथें काय घडेल?
(ई) सर्वांत लहान बेटावर राहणाऱ्या मुलाच्या तोंडीं, त्या दिवसाची हकीकत वीस ओळींत लिहा.

पालकांस आमची विनंती इतकीच कीं, वहीच्या मागच्या पानावर असा नकाशा सांपडल्यास तें पान फाडूं नये. त्याऐवजीं जवळ बसून एक प्रश्न विचारावा.

त्या विद्यार्थ्यानें कांहीं दिवसांनीं आम्हांस नवा नकाशा आणून दाखविला. विमानें कमी झालीं होतीं. प्रत्येक बेटावर पाण्याचें एक टांकें आणि एक शेत आलें होतें. मध्येंच एका लहानशा बेटावर मात्र निशाण नव्हतें. "हें कोणाचें?" असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "सर, तिथल्या लोकांना अजून कोणी विचारलेलं नाही."