गुण कमी पडले तेव्हा



निकाल लागला की रविवारी मिस्सेनंतर नर्सिंग शिकणाऱ्या एखाद्या मुलीचा चेहरा उतरलेला दिसतो. विचारावे तर ती पास झालेली असते. डिस्टिंक्शन थोडक्यात हुकलेले असते.

या दुःखात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, आपला अभिमान दुखावलेला असतो. दुसरी, काहीतरी शिकायचे राहून गेलेले असते. पहिली गोष्ट प्रार्थनेत प्रभूच्या हाती सोपवावी. दुसरी मात्र सोडून देऊ नये. औषधाच्या मात्रेचे गणित चुकले असेल तर ते मॅडमकडून पुन्हा समजून घ्यावे. कारण उद्या वॉर्डात तीच मात्रा रुग्णाला द्यायची आहे.

१८५८ साली लूर्ड्स येथे मरियामातेचे दर्शन लाभलेली संत बर्नाडेट अभ्यासात मागे होती. धर्मशिक्षणाचे धडे तिला पाठ होत नसत. १८६७ साली तिने व्रते घेतली, तेव्हा ही कोणत्याच कामाची नाही, असे बिशपांसमोर सांगण्यात आले. पुढे तिला मठाच्या दवाखान्यात मदतीला ठेवले, आणि आजारी भगिनींची तिने मनापासून शुश्रूषा केली.

संत मत्तयच्या शुभवर्तमानात (अध्याय २५) पाच थैल्यांच्या दहा करणाऱ्या दासाला धनी जी शाबासकी देतो, तीच दोनाच्या चार करणाऱ्यालाही देतो. हिशेब विश्वासूपणाचा होतो.

आईवडिलांनो, मुलगी निकाल घेऊन घरी आली की आधी "किती पडले?" असे विचारू नका. "कोणता विषय जड गेला, बाळ?" असे विचारा.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.

आपला धर्मगुरू