विमानांची एक संध्याकाळ

उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• लहान मुलांच्या कार्यक्रमाचे नियोजन क्रमाने मांडता येईल;
• कागदी विमानाच्या उड्डाणातील दोष ओळखून तो दूर करण्याचा उपाय सांगता येईल.

मूळ पाठ

म्हैसूर, म्हणजेच आजचे मैसुरू. या शहराच्या दक्षिणेस मंडकळ्ळी येथे विमानतळ आहे. डोक्यावरून विमान जाऊ लागले की अंगणातील मुले खेळ थांबवून वर पाहतात. या कुतूहलाचा आधार घेऊन वस्तीतील पालकांना चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी खेळ व हस्तकलेची एक संध्याकाळ आखता येईल. तिला खर्च थोडा लागतो. पूर्वविचार मात्र पुष्कळ लागतो.

प्रथम वेळ ठरवावी. लहान मुले लवकर दमतात. म्हणून पाच ते साडेसहा हा दीड तास पुरेसा होय. पाच-पाच मुलांचे गट करून प्रत्येक गटाबरोबर एक मोठी व्यक्ती असावी. जुनी वर्तमानपत्रे, पाठकोरे कागद, रंगखडू आणि गोल टोकाच्या कात्र्या आदल्या दिवशीच जमवाव्यात. निमंत्रण विमानाच्या तिकिटासारखे केले, तर मुलांचा प्रवास घरापासूनच सुरू होतो.

पहिला अर्धा तास विमान बनवण्याचा. सात वर्षांचे मूल घड्या स्वतः घालते. चार वर्षांच्या मुलाला अर्धवट दुमडलेला कागद द्यावा व रंगवण्याचे काम त्याच्यावर सोपवावे. प्रत्येक विमानावर ते करणाऱ्याचे नाव लिहावे.

खरी कसोटी पुढे लागते. कोणाचे तरी विमान पहिल्याच फेकीत जमिनीवर कोसळते आणि मूल रडवेले होते. अशा वेळी मोठी माणसे विमान हाती घेऊन झटपट दुरुस्त करतात. विमान उडते, पण ते आता मुलाचे राहत नाही. त्याऐवजी मुलाला विचारावे, ‘ते कुठे वळले?’ विमान नाकावर आपटत असेल, तर पंखांच्या मागच्या कडा किंचित वर वळवाव्यात. ते आधी वर चढून मग खाली पडत असेल, तर नाकाशी आणखी एक घडी घालून तेथील वजन वाढवावे. एकाच बाजूस वळत असेल, तर दोन्ही पंख सारखे आहेत का, ते पाहावे. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कशामुळे फरक पडला ते मुलालाही कळते.

नंतर खेळ घ्यावा. अंगणात खडूने धावपट्टी आखावी. एका मुलाच्या हाती हिरवा व लाल कागद देऊन त्याला नियंत्रण कक्ष करावे. हिरवा कागद दिसताच हात पसरलेले एक ‘विमान’ धावेल. लाल दिसताच थांबेल. आपली पाळी येईपर्यंत थांबणे मुले येथे हसत शिकतात. सर्वांत दूर कोणाचे विमान गेले, अशी स्पर्धा मात्र टाळावी. तीत धाकटी मुले नेहमीच मागे पडतात.

शेवटी दिवेलागणीला एक खरी गोष्ट सांगावी. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगळूर येथे विमानांचा कारखाना काढला. म्हैसूर संस्थानचे सरकार त्यात भागीदार होते. पुढे याच कारखान्यात कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले विष्णू माधव घाटगे यांनी ‘एचटी-२’ या प्रशिक्षण विमानाची रचना केली. ते १९५१ साली प्रथम आकाशात झेपावले. कोणतेही विमान प्रवाशाला नेण्याआधी पुनःपुन्हा तपासले जाते, त्यातील उणिवा शोधल्या जातात. अंगणातील कागदी विमानाची रीतही हीच आहे.

मुले घरी निघतील तेव्हा प्रत्येकाच्या हाती स्वतःच्या नावाचे विमान असावे. ते किती दूर गेले, यापेक्षा पडल्यानंतर ते पुन्हा उचलले गेले की नाही, यावरच त्या संध्याकाळचे यश ठरते.

शब्दार्थ
कुतूहल – जाणून घेण्याची उत्सुकता
पाठकोरा – एका बाजूने कोरा
उणीव – कमतरता
दिवेलागण – दिवे लावण्याची वेळ

पाठगत प्रश्न
१. एका वेळी एकच बदल का करावा?
२. दूर फेकण्याची स्पर्धा टाळण्याचे कारण लिहा.
३. ‘विमान उडते, पण ते आता मुलाचे राहत नाही’ या विधानाचा अर्थ स्वतःच्या अनुभवाच्या आधारे स्पष्ट करा.
४. आपल्या वस्तीतील मुलांसाठी दीड तासाची कार्यक्रमपत्रिका तयार करा.