सामना संपतो, शिव्या संपत नाहीत

आयपीएल सुरू झाली की वस्तीत घराघरांत दोन संघ पडतात. चिडवाचिडवी, आरडाओरडा चालायचाच. पण चाहत्यांची ही भांडणं आता मोबाईलमध्ये शिरली आहेत, आणि त्यातून होणारे आजार आमच्यासमोर येऊ लागले आहेत.

नववीतला एक मुलगा. रोज सकाळी त्याचं पोट दुखायचं, शाळा बुडायची. तपासण्या केल्या, काही निघालं नाही. आई त्याला आमच्याकडे घेऊन आली. आम्ही त्याला बाजूला बसवून विचारलं, "बाळा, रात्री झोप लागते का?" तो रडायलाच लागला. एका संघाच्या चाहत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तो होता. संघ हरला तेव्हा त्याने समोरच्या संघातल्या खेळाडूचं कौतुक केलं. सगळा ग्रुप त्याच्यावर तुटून पडला. कुणी त्याच्या आईचा फोटो टाकून घाण लिहिलं, कुणी आडनावावरून जात काढली. रात्री दोन वाजेपर्यंत फोन वाजत राहायचा.

पोटदुखी खोटी नव्हती. भीती वाटली की शरीर संकटासाठी तयार होतं. छाती धडधडते, श्वास वाढतो, पोट बिघडतं. संकट टळलं की ते शांत होतं. पण खिशातला फोन दर पाच मिनिटांनी वाजत असेल, तर शरीराला विसावाच मिळत नाही. मग झोप उडते, डोकं दुखतं, भूक मरते, चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही.

मोठ्या खेळाडूंचीही यातून सुटका नाही. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये विश्वचषकात भारत पाकिस्तानकडून हरला आणि मोहम्मद शमीला धर्मावरून शिव्या पडल्या. विराट कोहली त्याच्या बाजूने बोलला, तर कोहलीच्या वर्षाच्याही न झालेल्या मुलीला बलात्काराची धमकी दिली गेली. त्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी हैदराबादच्या एका शिकलेल्या तरुणाला अटक केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात आपला महिला हॉकी संघ हरला. तेव्हा हरिद्वारजवळ वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके फोडून घरच्यांना जातीवरून शिव्या दिल्या गेल्या. चार दिवसांपूर्वी याच वंदनाने एका सामन्यात तीन गोल केले होते. २०२४ च्या हंगामासाठी रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्या मुंबईचा कर्णधार झाला, तर वानखेडेवर स्वतःच्याच संघाचे चाहते त्याची हुर्यो उडवत होते. भारताने विश्वचषक जिंकल्यावर जुलैमध्ये त्याच मैदानात त्याच्या नावाचा जयघोष झाला. म्हणजे राग खेळापुरता नसतोच. हरल्याचं निमित्त होतं, आणि मनात आधीच साठलेलं बाहेर पडतं.

त्या मुलाला आम्ही शेवटी विचारलं, "तू कधी असं लिहिलंस का?" तो गप्प झाला. मग त्याने फोन दाखवला. महिन्याभरापूर्वी त्यानेही एका खेळाडूच्या आईबद्दल तसंच लिहिलं होतं. "सगळेच लिहीत होते," म्हणाला.

म्हणून मायबहिणींनो, घरी दोन्ही प्रश्न विचारा: तुला कुणी त्रास देतं का? आणि तू कुणाला देतोस का?

त्रास होत असेल तर:

१. फोन लगेच हिसकावू नका. फोन जाईल या भीतीनेच मुलं सांगत नाहीत. आधी ऐकून घ्या.

२. उलट शिव्या देऊ नका. नंबर, तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढा. मगच ब्लॉक करा आणि ग्रुप सोडा.

३. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये आपला फोटो आणि ग्रुपमध्ये जोडण्याची परवानगी फक्त ओळखीच्यांपुरती ठेवा.

४. धमकी किंवा घाणेरडे फोटो आले तर सायबर हेल्पलाईन १९३० किंवा जवळचं पोलीस ठाणं गाठा. मुलांसाठी १०९८ आहे. चारचौघांत जातीवरून अपमान झाला असेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. तक्रारीत जातीवाचक शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायला सांगा.

५. झोपताना फोन मुलाच्या उशाशी नको. मोठ्यांच्याही नको.

६. मूल जेवत नसेल, एकटं बसत असेल, 'जगावंसं वाटत नाही' असं बोलत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येतं.

आणि आपल्याच मुलाने लिहिलं असेल तर मारझोड नको, पांघरूणही नको. त्याच्याकडून मजकूर काढून घ्या, माफी मागायला लावा.

तो मुलगा आता शाळेत जातो. सामनेही बघतो, पण चाळीतल्या पोरांबरोबर बसून. सकाळची पोटदुखी थांबली आहे.